हाँगकाँग बघायचं तर चढणीवर बघा

मुंबईहून हाँगकाँगला निघालेल्या ओळखीच्यांचे कार्यक्रम वाचले की जीव तुटतो. एक दिवस डिस्नेलँड, एक दिवस ‘सिटी टूर’. बसने पीकवर, म्हणजे हाँगकाँग बेटावरच्या डोंगरमाथ्यावर, फोटो, मेणाचे पुतळे, खाली उतरून पंजाबी जेवण. अहो, यात शहर कुठे आलं?

हाँगकाँग बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर उठलेला डोंगर. सपाट जमीन फक्त किनाऱ्यालगत, आणि तीही बरीचशी भराव घालून मिळवलेली. बाकी सगळी वस्ती चढावर. एवढी माणसं या चढावर रोज ये-जा कशी करतात, हेच मला तिथलं सगळ्यात मोठं प्रेक्षणीय स्थळ वाटतं.

त्यासाठी किनाऱ्यालगतच्या सेंट्रल या कचेऱ्यांच्या भागापासून डोंगराच्या मध्यावरच्या मिड-लेव्हल्स वस्तीपर्यंत गेलेल्या सरकत्या जिन्यांवर उभं राहा. 1993 साली सुरू झालेली ही जिन्यांची साखळी 800 मीटरहून लांब आहे, साधारण 135 मीटर वर चढते, डोक्यावर छप्पर आणि तिकीट अजिबात नाही. सकाळी सहा ते दहा जिने खाली येतात, कामावर निघालेल्यांसाठी. दहानंतर दिशा फिरते, ती मध्यरात्रीपर्यंत वर. म्हणून दहानंतरच जा. दोन्ही बाजूंना लोकांच्या खिडक्या हाताच्या अंतरावर, खाली ग्रॅहम स्ट्रीटचा भाजीबाजार. शेजारी सूटबूटवाला, पुढे भाजीची पिशवी पायांत धरून उभी असलेली आजी. मध्येच उतरून हॉलिवूड रोडवरच्या मान मो देवळात डोकवा. छताला टांगलेल्या मोठाल्या उदबत्त्यांची वेटोळी तासन् तास जळत असतात. आणखी वर शेली स्ट्रीटवर जामिया मशीद.

पीकला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण तिथला इतिहास माहीत करून जा. 1904 च्या ब्रिटिश सरकारच्या कायद्याने पीकवर चिनी माणसांना राहायला मनाई होती, नोकरचाकर तेवढे चालत. हा कायदा रद्द व्हायला 1946 उजाडलं. ज्यांचं शहर, त्यांनाच त्याच्या माथ्यावर घर नाही! मुंबईकरांना गोऱ्यांच्या क्लबांच्या पाट्या ठाऊक आहेत, त्यांना ही चीड वेगळी समजावून सांगावी लागू नये. वर पोचलात की पैसे भरून गच्चीवर जाण्यापेक्षा लुगार्ड रोडने चाला. झाडांची सावली आहे, रस्ता जवळपास सपाट, आणि बंदराचा तोच देखावा फुकट.

संध्याकाळी स्टार फेरीच्या बोटीने बंदरापलीकडे कोवलूनला जा. पीकवर चढणारी पीक ट्राम सुरू झाली त्याच 1888 साली मुंबईहून तिथे गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी ही फेरी कंपनी काढली. आजही बाकांच्या पाठी पुढे-मागे ढकलता येतात, बोट जाईल तिकडे तोंड करून बसायला. एवढं आपलं नातं असताना ही फेरी कार्यक्रमात नसते, याचा मला मनापासून राग येतो.

गटाबरोबर जात असाल तर एक दिवस मोकळा मागूनच घ्या. बरोबर आई-बाबा असतील तरी जमतं. जिन्याने वर जा, उतरताना पायऱ्यांवर गुडघे शिणवण्यापेक्षा बस पकडा. बस, ट्राम, फेरी सगळीकडे चालणारं ऑक्टोपस हे आधी पैसे भरायचं कार्ड आधी काढा. बेटाच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या दुमजली ट्राममध्ये मागून चढायचं, पैसे पुढून उतरताना. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली तर सोडू नका.