माजी झालात तरी माज सोडू नका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ते शहाण्यांसाठी झालं, तुम्ही राष्ट्राध्यक्ष होतात. आता खुर्ची गेलीय, बंगला सुटलाय, काल सलाम ठोकणारे आज दुसऱ्याला सलाम ठोकतायत आणि कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी तुमच्या जुन्या फायली उघडून बसलाय. घाबरू नका. या वाटेने तुमच्या आधी बरेच जण गेलेत, त्यातले कितीतरी सहीसलामत परत पण आलेत, त्यांच्याकडे बघून चार गोष्टी सांगतो, फी द्यायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात फिट करा, तुम्हाला निर्दोष सुटायचं नाहीये. ते फार कटकटीचं काम, त्याला पुरावे लागतात, साक्षीदार लागतात, आणि मुळात निर्दोष असावं लागतं. तुम्हाला फक्त घोंगडं भिजत ठेवायचंय. खुर्चीवर असताना म्हणायचं की आत्ता खटला भरू नका, मला देश चालवायचाय. खुर्ची गेली की म्हणायचं जे काही केलं ते खुर्चीवर असताना केलंय, ते सरकारी काम होतं, त्याला हात लावता येत नाही. आणि पुन्हा निवडणुकीला उभे राहिलात की ओरडायचं, बघा बघा, ऐन निवडणुकीत खटला! म्हणजे खटला भरायला योग्य वेळ अशी कॅलेंडरात कुठेच उरत नाही.

डोनाल्ड ट्रम्पचंच बघा ना. २०२३ या एकाच वर्षात त्यांच्यावर ४ वेगवेगळे फौजदारी खटले दाखल झाले, अमेरिकेच्या माजी अध्यक्षावर अशी वेळ त्याआधी कधी आलीच नव्हती. एका आरोपपत्रात तर फोटोच छापला होता, व्हाइट हाउसमधून आणलेली कागदपत्रांची खोकी बाथरूममध्ये कमोडच्या शेजारी रचून ठेवलीयत आणि वर झुंबर लटकतंय. (खोक्यांचं जाऊ दे, बाथरूममध्ये झुंबर कशाला लागतं हे मला अजून कळलेलं नाही.) तुमचा-माझा असा फोटो आला असता तर आपण महिनाभर घराबाहेर पडलो नसतो. त्यांनी काय केलं, तर अपिलावर अपील. १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की अध्यक्षाच्या घटनात्मक अधिकारातल्या कामांना पूर्ण संरक्षण आणि बाकीच्या अधिकृत कामांनाही निदान आधी संरक्षण आहे असं धरूनच चालायचं. मग आता कुठलं काम अधिकृत आणि कुठलं खाजगी हे ठरवत बसा, तोवर नोव्हेंबर आला, माणूस निवडून आला आणि २५ नोव्हेंबरला सरकारी वकिलांनीच एक केंद्रीय खटला आणि आधीच फेटाळल्या गेलेल्या दुसऱ्या केंद्रीय खटल्यातलं अपील मागे घ्यायचा अर्ज केला, कारण पदावर बसणाऱ्या अध्यक्षावर खटला चालवायचा नाही असं त्यांच्या खात्याचं धोरण. जॉर्जिया राज्यातला खटला वर्षभराने बारगळला. निकालापर्यंत पोचला तो फक्त न्यूयॉर्कचा, तिथे ३४ च्या ३४ आरोपांत दोषी ठरले आणि १० जानेवारी २०२५ ला शिक्षा सुनावली गेली ती अशी की तुरुंग नाही, दंड नाही, प्रोबेशन नाही. बरं, या खटल्याच्या मुळाशी एका पॉर्न अभिनेत्रीला गप्प ठेवायला दिलेले जे १ लाख ३० हजार डॉलर होते ते ज्यांच्या हाताने दिले गेले त्या मायकल कोहेन नावाच्या वकिलाला मात्र त्या प्रकरणासकट इतर गुन्ह्यांसाठी २०१८ मध्येच ३ वर्षांची शिक्षा झालेली होती. तेव्हा हाताखाली एखादा विश्वासू माणूस नेहमी बाळगा. विश्वासू म्हणजे तुमच्या आधी आत जाणारा.

आता एवढं करूनही काही तारखा टळत नाहीत, तर आजारी पडा. पण जरा मनापासून पडा. चिलीचे माजी लष्करी हुकूमशहा ऑगस्टो पिनोशे हे या विषयातले गुरू. १६ ऑक्टोबर १९९८ ला लंडनच्या एका दवाखान्यात, पाठीच्या ऑपरेशननंतर पडलेले असताना, त्यांना अटक झाली, त्यांच्या राजवटीतल्या छळ-हत्यांबद्दल स्पेनच्या न्यायाधीशाने काढलेल्या वॉरंटवर. आजोबांनी आधीच चिलीमध्ये स्वतःसाठी आजन्म सिनेटर अशी जागा करून ठेवलेली, म्हणजे मायदेशी कुणी हात लावायचा प्रश्न नव्हता, पण परदेशात गोची झाली. मग ५०३ दिवस नजरकैद, वकिलांचा खल, डॉक्टरांचे रिपोर्ट, आणि शेवटी ब्रिटिश गृहमंत्र्यांनी ठरवलं की खटल्याला उभं राहण्याची यांची तब्येत नाही, पाठवा घरी. ३ मार्च २००० ला सँटियागोच्या विमानतळावर विमान उतरलं, व्हीलचेअरवरून त्यांना खाली घेतलं, समोर लष्कराचा बँड वाजतोय, आणि आजोबा व्हीलचेअरवरून उठले! उठले, काठी टेकत सरळ चालत गेले, मिठ्या मारल्या, लोकांना हात केले. मायदेशाच्या हवेत काय ताकद असते बघा, लंडनच्या डॉक्टरांना दीड वर्षात जमलं नाही ते विमानतळाने एका मिनिटात केलं. नंतर चिलीच्या कोर्टाने त्यांचं संरक्षण काढलं, खटले उभे राहिले, परत तब्येतीचं निघालं, परत खटले, आणि २००६ मध्ये ते गेले ते एकाही खटल्यात दोषी न ठरता. तारीख १० डिसेंबर, म्हणजे मानवाधिकार दिन. टायमिंग तर टायमिंग.

इथे एक धोक्याची सूचना. कुठलंही काम स्वतःच्या हाताने करू नका, तुम्हाला सवय राहिलेली नसते. ब्राझीलच्या बोल्सोनारोंना २०२५ मध्ये सत्ता उलथवायच्या कटासाठी २७ वर्षं ३ महिने शिक्षा झाली, ते घरी नजरकैदेत होते, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा. नोव्हेंबरात एका रात्री बारानंतर त्या पट्ट्याने अलार्म दिला. महिला कर्मचारी धावत त्यांच्या घरी गेली तर पट्टा सगळा करपलेला. हे कशाने झालं विचारलं तर साहेब म्हणाले गरम इस्त्रीबिस्त्री नाही, सोल्डरिंगची मशीन लावली. का लावली? कुतूहल म्हणून. हे सगळं व्हिडिओत आहे. नंतर औषधांमुळे भास होत होते असं सांगितलं, पण आधी कुतूहल म्हणाले ते म्हणालेच. कोट्यवधी लोकांचा देश चालवलेला माणूस मध्यरात्री सोल्डरिंग करत बसलाय, हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि तेवढ्यासाठी तरी एक इलेक्ट्रिशियन पदरी ठेवा. फ्रान्सच्या सार्कोझींचं तसंच, वकिलाशी गुपचूप बोलायला दुसऱ्याच माणसाच्या नावाने, पॉल बिस्मथ म्हणून, फोन घेतला आणि तोच फोन पोलीस ऐकत बसलेले. पुढे लिबियाकडून प्रचाराला पैसे मिळवायच्या कटात २०२५ मध्ये ५ वर्षांची शिक्षा लागली, २१ ऑक्टोबरला आत गेले, १० नोव्हेंबरला अपील चालू असेपर्यंत म्हणून बाहेर. २० दिवस. काही लोक इतके दिवस पासपोर्टची वाट बघतात.

तरी आत जायची वेळ आलीच तर माफीची सोय आधीपासून लावून ठेवा. अमेरिकेचे अध्यक्ष गेराल्ड फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ ला आपल्या आधीच्या, वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेल्या निक्सनना संपूर्ण माफी दिली, खटला उभा राहायच्या आधीच, राजीनाम्याला अजून महिनासुद्धा झाला नव्हता. नंतर फोर्ड म्हणे पाकिटात एका जुन्या निकालातला उतारा घेऊन फिरायचे, माफी स्वीकारणं म्हणजे गुन्हा कबूल करणं असा, कोणी विचारलं की काढून दाखवायचे. त्यांचा जीव पाकिटात आणि निक्सन आपल्या घरी. फिलिपिन्सचे एस्त्रादा त्याहून पुढचे, २००७ मध्ये लुटीच्या गुन्ह्यात जन्मठेप लागली, दीड महिन्याच्या आत माफी, आणि २०१३ मध्ये राजधानीचे महापौर.

दक्षिण कोरियात तर या कामाची रीतसर परंपराच आहे, आधी पकडायचं, जबरदस्त शिक्षा द्यायची आणि मग सोडायचं. माजी लष्करशहा चुन डू-ह्वान यांना १९९६ मध्ये फाशी सुनावली, मग ती जन्मठेप झाली, १९९७ च्या डिसेंबरात माफी. लाच म्हणून घेतलेली २२० अब्ज वोनहून (वोन म्हणजे तिथलं चलन) जास्त रक्कम भरायची होती, तर २००३ मध्ये त्यांनी सांगितलं की माझ्या नावावर २ लाख ९० हजार वोन आहेत, म्हणजे त्यात महिना पण निघणार नाही. पार्क ग्युन-हे आत, पार्क बाहेर. ली म्युंग-बाक आत, ली बाहेर. आणि ज्यांनी सरकारी वकील म्हणून या दोघांची प्रकरणं लावून धरली ते यून सुक-योल त्याच जोरावर अध्यक्ष झाले, लींना माफी दिली, ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री मार्शल लॉ लावला, काही तासात तो उठवावा लागला आणि मग स्वतःच आरोपी झाले. लोक म्हणतात यातून लोकशाही किती मजबूत आहे ते दिसतं, असेल बुवा, मला फक्त त्या कोर्टाच्या शिपायाची दया येते, दर काही वर्षांनी नव्या साहेबाला तोच कॉरिडॉर दाखवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द पाठ करून ठेवा, सूड. खटला कसलाही असो, सूडच. अडचण अशी की कधी कधी तो खरंच तसा असतो. ब्राझीलचेच अध्यक्ष राहिलेले लुला ५८० दिवस आत होते, ज्या न्यायाधीशाने शिक्षा दिली ते मोरो पुढच्या सरकारात, म्हणजे लुलांच्या विरोधकांच्या सरकारात, न्यायमंत्री झाले, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ते निःपक्षपाती नव्हते. असा एक खरा खटला सापडला की जगभरच्या खोट्या रडणाऱ्यांची वर्षभराची सोय होते, कुणाच्याही नावाने बोट दाखवलं की लगेच लुलांचं काय झालं ते आठवा. तुम्ही पण आठवून द्या, लुलांना विचारायची गरज नाही.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, अहो पण आम्ही कुठले राष्ट्राध्यक्ष होतोय, आम्हाला सिग्नल तोडला तरी मेसेज येतो. खरंय. मग तुमच्यासाठी दुसरं काम आहे, ते पहिल्यापेक्षा सोपं आणि त्याच्याशिवाय वरचं एकही काम होत नाही. २४ ऑगस्ट २०२३ ला ट्रम्पना जॉर्जियाच्या तुरुंगात नेऊन कैद्यांसारखा फोटो काढला, आणि तो फोटो लगेच त्यांच्याच प्रचारवाल्यांनी टीशर्टवर आणि कपांवर छापून विकायला काढला, लोकांनी रांगा लावून, म्हणजे ऑनलाइन रांगा लावून, घेतले. आरोपीचा फोटो आरोपीच विकतोय आणि वकिलाची फी आपण भरतोय. तुमच्या आवडीच्या साहेबांचा असा कप निघाला की घ्याच एक. फक्त पिताना फोटोची बाजू समोरच्याकडे करा, आपल्याकडे नको.