मंगळावरचा 'दरवाजा', 'चेहरा' आणि 'मनाचे खेळ आहेत' म्हणणारे आपण

मंगळावरच्या चौकोनी वाड्याचा नाहीतर कड्यातल्या दरवाजाचा फोटो फिरायला लागला की खाली दोनच तऱ्हेच्या कमेंट येतात. एक म्हणजे 'नासा लपवतंय'. दुसरी म्हणजे 'मनाचे खेळ आहेत, ढगात हत्ती दिसतो तसं'. पहिलीवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. माझं भांडण दुसरीशी आहे. ती बोलणाऱ्याला शहाणं ठरवते, पण समोरच्या दगडाबद्दल अवाक्षर सांगत नाही. आणि कधीकधी ती चक्क चुकीची असते.

तो प्रसिद्ध 'चेहरा' घ्या, म्हणजे माणसाच्या तोंडासारखी दिसणारी मंगळावरची टेकडी. २५ जुलै १९७६ ला नासाच्या व्हायकिंग-१ यानाच्या ऑर्बिटरने, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या भागाने, तिथल्या सायडोनिया भागाचा फोटो घेतला, क्रमांक ०३५ए७२. तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर होता, त्यामुळे टेकडीचा अर्धा भाग पूर्ण काळोखात गेला. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे पन्नासेक मीटर. म्हणजे दोन किलोमीटर रुंदीचा आख्खा चेहरा चाळीसेक पिक्सेलमध्ये बसवलेला! त्यात भर म्हणजे प्रक्षेपणात माहिती गळाल्याने फोटोभर काळे ठिपके पडले होते, आणि त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी आला.

'पण दुसऱ्या फोटोतही चेहरा दिसतो' हा युक्तिवाद तेव्हापासून चालू आहे. दिसतो, खरं आहे. पण त्या दुसऱ्या फोटोत, क्रमांक ०७०ए१३ मध्येही सूर्य फक्त २७ अंशांवर होता आणि उजेड त्याच बाजूने येत होता. सावली त्याच अर्ध्या भागावर पडणार, दुसरं काय होणार? १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेअर या नासाच्या नंतरच्या यानाने जवळून पाहिलं. २००१ च्या फोटोत एक पिक्सेल दीड मीटरच्या आसपास होता. तिथे दिसली ती झिजलेली, माथा सपाट असलेली टेकडी. मंगळाची दक्षिणेकडची उंच जमीन संपून उत्तरेची सखल मैदानं सुरू होतात, त्या सीमेवर अशा टेकड्या ढिगाने आहेत. जुना थर झिजत गेला आणि टणक तुकडे तेवढे उभे राहिले.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याचे फोटो सर्वांसाठी खुले आहेत आणि त्यांच्या क्रमांकातच पत्ता असतो. चेहऱ्याचा क्रमांक आहे पीएसपी_००३२३४_२२१०. शेवटच्या चार आकड्यांना १० ने भागा, त्यातून १८० वजा करा. उत्तर ४१, म्हणजे साधारण ४१ अंश उत्तर अक्षांश. वजाबाकी ऋण आली तर जागा दक्षिण गोलार्धात. दिवसा घेतलेल्या फोटोंना हा हिशेब चालतो, आणि जवळजवळ सगळे फोटो दिवसाचेच असतात.

मग उजेड कुठून येतोय ते बघा. हे यान दुपारी तीनच्या सुमारास डोक्यावरून जातं, त्यामुळे उत्तर वर ठेवून मांडलेल्या नकाशात उजेड सहसा डावीकडून येतो. टेकडी असेल तर तिची डावी बाजू उजळ. खड्डा असेल तर आतली उजवी भिंत उजळ. कोणी फोटो फिरवून किंवा उलटा करून टाकला की खड्ड्याचा घुमट होतो आणि पोस्टला लाइक मिळतात. आणि फॉरवर्ड होऊन आलेला जेपेग झूम करू नका. त्या फाइलमध्ये चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबलेलं असतं. प्रमाणाबाहेर मोठं केलं की त्या चौकटींच्या कडाच 'भिंती' म्हणून दिसायला लागतात.

आता दुसरी बाजू. दक्षिण ध्रुवाजवळ, ८१ अंशांवर, एकमेकांना छेदणाऱ्या सरळ, भिंतींसारख्या उंचवट्यांचं जाळं आहे. मरिनर-९ यानाने १९७२ मध्ये ते टिपलं आणि शास्त्रज्ञांनीच त्याला 'इंका सिटी' हे टोपणनाव दिलं. इथे मनाचे खेळ वगैरे काही नाही. भिंती खरोखर आहेत, खरोखर सरळ आहेत. २००२ मध्ये जास्त मोठा परिसर पाहिल्यावर कळलं की हे जाळं सुमारे ८६ किलोमीटर व्यासाच्या वर्तुळाचा भाग आहे. म्हणजे बहुधा जुनं आघात विवर, उल्का आदळून झालेला खड्डा. आघाताने खडक तडकला, तड्यांमध्ये लाव्हा किंवा गाळ भरून घट्ट झाला, पुढे भोवतालचा मऊ खडक झिजला आणि भरण उभं राहिलं, असं एक स्पष्टीकरण. वाळूच्या टेकड्या दगड होऊन राहिल्या, हे दुसरं. वाद अजून मिटलेला नाही. अशा जागी 'भास आहे' म्हणणारा माणूस 'शहर आहे' म्हणणाऱ्याइतकाच चुकतो.

मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी या नासाच्या गाडीने टिपलेल्या 'दरवाजा'चंही तेच. ७ मे २०२२ चा फोटो, तिथल्या माउंट शार्प या डोंगराच्या उतारावरचा. कोपरे खरेच काटकोनी, कारण वालुकाश्मात दोन दिशांच्या भेगा एकमेकींना छेदतात आणि मधला तुकडा निखळून पडतो. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी ४०. शाळेतली फूटपट्टी उभी केली तर संपला दरवाजा. व्हायरल फोटोत मोजपट्टी नव्हती, एवढीच त्याची जादू. २०२५ च्या सुरुवातीला जो चौकोन फिरला तो तर २००१ चा जुना फोटो, आणि तोही असाच मोजपट्टीविना.

ज्यांना भूमितीच हवी आहे त्यांनी मंगळावरच्या मार्टे व्हॅलिस या दरीजवळच्या विवरांच्या भिंती पाहाव्यात. तिथे हायराइजला बेसॉल्टचे स्तंभ सापडले, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत त्याच जातीचे. लाव्हा थंड होताना आकसतो, पृष्ठभागावर भेगा पडतात, त्या साधारण १२० अंशांत एकमेकींना भेटतात आणि जसजसा थर गार होईल तसतशा आत उतरत जातात. सावकाश गार झाला तर स्तंभ सरळ आणि जाड. वरून पाणी शिरून झपाट्याने गार झाला तर बारीक आणि वेडेवाकडे. मार्टे व्हॅलिसच्या स्तंभांवरून तिथल्या लाव्ह्याला पाण्याने गार केलं असावं, असा अंदाज अभ्यासक बांधतात. या फोटोंवर 'परग्रहवासी' लिहून कोणी फॉरवर्ड करत नाही, हेच मला नवल वाटतं.