"इथे फोटो येणार नाहीत" असं सांगणाऱ्यांनो, जरा ऐका

आज दुपारी एका मुलीचा फोन आला. लग्न तोंडावर आलंय. घराजवळचा साधा हॉल ठरलाय, आजीला जिने चढायला लागू नयेत म्हणून मुद्दाम तळमजल्याचा घेतलेला. काल एक फोटोग्राफर हॉल बघून गेला आणि सांगून गेला, "लाइट नाही, बॅकग्राउंड नाही, इथे फोटो येणारच नाहीत. जागा बदला." झालं, घरात दोन तट पडले. मोठी जागा घ्यायची तर कर्ज काढावं लागेल. बोलता बोलता ती रडायलाच लागली. "ताई, खरंच येणार नाहीत का फोटो?"

तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

लाइट नाही म्हणजे काय हो? त्या हॉलमध्ये माणसं एकमेकांचे चेहरे ओळखतात ना? मग लाइट आहे. कमी आहे, वाकडा आहे, पिवळा आहे, पण आहे. त्याचं काय करायचं हे ठरवण्याचेच तर आपण फोटोग्राफर पैसे घेतो. आपल्याला जमत नाही म्हणून एखाद्या बापाला कर्ज काढायला लावायचं?

काही वर्षांपूर्वी मी एका लग्नाचे फोटो काढले होते, तळघरातल्या हॉलमध्ये. छत इतकं खाली की हात वर केला तर पंख्याची भीती वाटावी. अर्ध्या हॉलला पिवळे दिवे, अर्ध्याला ट्यूब, स्टेजमागच्या भिंतीला ओल आलेली. लग्न लागलं आणि थोड्या वेळाने नवरीचे वडील दिसेनात. ती स्वतःच शोधायला निघाली, मी तिच्या मागे. ते सापडले जिन्याच्या वळणावर, पायरीवर एकटेच बसलेले, चष्मा काढून हातात धरलेला. डोक्यावर एकच ट्यूब. ती काही बोलली नाही. साडी आवरून त्यांच्या खालच्या पायरीवर बसली.

आता ही ट्यूब बरोबर डोक्यावर. असा उजेड डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पाडतो, माणूस आजारी दिसतो. पण जिन्याची भिंत पांढरी होती आणि भिंतीवरून परतलेला उजेड मऊ होऊन तिच्या एका गालावर येत होता. मी चार पायऱ्या खाली उतरून भिंतीला टेकले. दोघं एका रेषेत नव्हते, म्हणून लेन्स एफ/१.४ पर्यंत उघडली नाही (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी, आणि फोकस तितका उथळ); एकाचा चेहरा फोकसमधून गेला असता. एफ/२, शटर १/१०० सेकंद, आयएसओ (म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ३२००. आणि थांबले. त्यांनी तिच्याकडे बघायला मान वळवली, भिंतीचा उजेड डोळ्यांत उतरला, तेव्हा बटण दाबलं.

शटर १/१०० का, तेही सांगते, कारण हे न कळल्यामुळे लोक "हॉलचा लाइट खराब" म्हणून मोकळे होतात. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/१०० किंवा १/५० ठेवलं की लुकलुक पुरी पकडली जाते. उगाच १/५०० वर गेलात की फोटोवर पट्टे येतात, रंग दर फ्रेमला बदलतो. हॉल तोच असतो, चूक आपल्या बोटाची असते.

त्या जिन्यात मी फ्लॅश का मारला नाही? मारला असता तर ते दोघंही दचकून उठले असते, इतकं सरळ आहे. आणि समोरून मारलेला फ्लॅश करतो तरी काय? एक मीटरवरच्या माणसाला जितका उजेड मिळतो त्याचा चौथा हिस्सा दोन मीटरवर पोचतो, चार मीटरवर सोळावा. म्हणजे नवरी पांढरीफटक आणि मागची सगळी माणसं काळोखात बुडालेली. त्यात तिची मावशी असते, शाळेपासूनची मैत्रीण असते. मग हेच लोक म्हणणार, हॉल अंधारा होता!

फ्लॅश वाईट असं मी म्हणत नाहीये. ग्रुप फोटोला सगळ्यांचे चेहरे स्वच्छ हवेत, तिथे मीही लावते. त्याच तळघरात ते बुटकं छत माझ्या कामी आलं, फ्लॅश वर वळवून छतावर मारला की अख्खं छतच दिवा होतं. पिवळ्या दिव्यांकडे फ्लॅशला नारिंगी जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावला की चेहरा निळा आणि मागचं सगळं पिवळं असा प्रकार होत नाही. नाच सुरू झाल्यावर शटर १/१५ पर्यंत खाली आणलं, फ्लॅश रिअर कर्टनवर टाकला, म्हणजे तो शटर बंद होता होता उडतो. दिव्यांच्या रेघा ओढल्या जातात आणि शेवटच्या क्षणी फ्लॅश उडून चेहरा स्पष्ट गोठतो. ह्यात कुठे महाल लागला?

सगळ्यात जास्त चीड मला व्हिडिओवाल्यांच्या त्या प्रखर दिव्यांची येते. स्टँडवर दोन दिवे थेट तोंडावर रोखतात, नवरा-नवरीचे डोळे मिचमिचे, घामाने चेहरा चमकतोय, आणि वर हुकूम, "इकडे बघा, हसा." माणूस बिचारा आपल्याच लग्नात चौकशीला बसल्यासारखा! ते वडील त्या दिव्यांपासूनच पळून जिन्यात बसले होते, मला नंतर त्यांनीच सांगितलं.

बरं, चांगला कॅमेरा आणि जास्त उघडणारी लेन्स असली की काम सोपं होतं, हे मान्य. एफ/१.४ ची लेन्स एफ/२.८ च्या चौपट उजेड घेते, ते नाकारून चालणार नाही. पण ही सबब आता किती दिवस चालवणार? फिल्मच्या काळात लोक ट्राय-एक्स ४०० या फिल्मला आयएसओ १६०० असल्यासारखं वापरून, डेव्हलप करताना जास्त वेळ ठेवून काळ्या-पांढऱ्यात अप्रतिम काम करत होते. २००७ मध्ये निकॉनचा डी३ कॅमेरा आला, त्यात आयएसओ ६४०० हे नेहमीच्या वापरातलं झालं. तेव्हापासून किती कॅमेरे आले आणि गेले! आज साध्यातल्या साध्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६४०० ला मी बिनघोर काढते. आणि आयएसओ वाढवल्यावर फोटोत थोडा दाणा, म्हणजे बारीक ठिपक्यांची खरखर, आला तर आला. त्या जिन्यातल्या फोटोत दाणा आहे, वडिलांच्या शर्टावर चांगला दिसतो. आजवर त्या घरातल्या कुणीही तो मोजलेला नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. खरं सांगू का, नव्या मुलांवर माझा राग नाही. त्यांनी जे फोटो बघून हे काम शिकलं, त्यात सगळीकडे तलाव, वाडे, मावळतीचा सूर्य. त्यांना वाटतं फोटो जागेत असतो. जरा एका खोलीत दिवे लावून बसा आणि चेहऱ्यावर उजेड कुठून येतो ते बघत राहा. अर्ध्या उघड्या दारातून येणारी पट्टी, आरशाभोवतीचे बल्ब, कुणाच्या मोबाइलचा टॉर्च पांढऱ्या रुमालावर पाडला तर काय होतं. एक दिवा बंद करून बघा. बहुतेक हॉलमध्ये उजेड वाढवण्यापेक्षा दोन दिवे बंद केल्यानेच काम होतं, कारण ट्यूब आणि पिवळ्या दिव्याची मारामारी थांबते. खोलीत पसारा असेल तर काळोख तो गिळून टाकतो, हा काळोखाचा उपकारच आहे. उजेड एका चेहऱ्यापुरता ठेवायचा.

तो जिन्यातला फोटो त्यांच्या घरात मोठा करून लावलाय. स्टेजवरचे शेकडो आहेत, ते पेटीत.

तर ज्यांची लग्नं ठरलीत त्यांच्यासाठी. फोटोग्राफरला भेटाल तेव्हा निवडक दहा फोटो बघून भुलू नका. त्याला म्हणा, साध्या हॉलमधल्या, संध्याकाळच्या एका लग्नाचा पूर्ण अल्बम दाखव, पहिल्यापासून शेवटच्या फोटोपर्यंत. नाच, जेवणाची पंगत, निरोप, सगळं. त्यात माणसं ओळखू येतायत का, मागचे लोक दिसतायत का, त्वचेचा रंग माणसासारखा आहे का, एवढं बघा. टाळाटाळ केली तर दुसरा गाठा, जागा बदलू नका. माझा तळघराचा अल्बम बघायचा असेल तर मेसेज करा, त्या घरच्यांची परवानगी आहे, पाठवते.