गुलमर्ग सोडून नारकंडा?

दर हिवाळ्यात तेच! स्कीइंगला हिमाचलात नारकंड्याला चाललोय म्हटलं की कॉलेज रोडच्या कट्ट्यावर सगळे असे बघतात, जणू मी हनिमूनला सिन्नर एमआयडीसीत निघालोय. "अरे, गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, थेट अफरवाटच्या डोंगरावर नेतो, ३,९०० मीटरच्या वर!" माहितीये रे बाबा. पण मला अजून धड वळता येत नाही, तिथून खाली येऊ कसा? तुम्ही उचलणार?

मग दुसरा म्हणतो, मनालीजवळ सोलांगला जा. तिथे स्की पायात अडकवायच्या आधीच भाड्याचा कोट, गमबूट, स्नो स्कूटर, याकसोबत फोटो... माणसं पाठ सोडत नाहीत. वर रील काढणाऱ्यांना चुकवत घसरायचं. त्र्यंबकच्या रांगेची सवय आहे म्हणून बर्फातही रांगच लावायची का?

नारकंडा शिमल्यापासून साठेक किलोमीटर, उंची २,७०० मीटरच्या आसपास. देवदार, लहानसा उतार, आपटलो तरी हसायला कुणी नाही. बर्फ दरवर्षी मनासारखा पडत नाही, हे मान्य. पण ते माझं मी बघीन ना!

मावशीचं वेगळंच. "थंडीच हवी ना? निफाडला जा, तिथे दव गोठतं." तिच्याशी मी भांडत नाही. निदान ती गोंडोलाचं तिकीट तरी काढायला लावत नाही.