वाट्टोळं म्हणजे नक्की काय?

सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी सुदानची बातमी टाकली. हत्यारबंद माणसं, गावं, बायका. खाली आमच्या एका काकांचं उत्तर: "युद्धात हे चालायचंच. अब्रू आधी बायकांचीच जाते." त्याखाली चौघांचे जोडलेले हात. काका ऐंशीचे आहेत, म्हणून मी तिथे गप्प बसले. इथे तुम्ही आपली माणसं आहात, म्हणून लिहिते.

१९९८ चा पावसाळा. वकिलीची सनद मिळून मला जेमतेम दीड वर्ष झालेलं. जिल्ह्याच्या गावी एका नावाजलेल्या फौजदारी वकिलांकडे ज्युनिअर होते. बलात्काराची केस, आम्ही आरोपीकडून. इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, म्हणून कोर्ट रिकामं केलेलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शेतमजूर बाई. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, म्हणाली, "साहेब, त्यानं माझं वाट्टोळं केलं." आमचे सर उलटतपासणीला उठले. चष्मा पुसला आणि विचारलं, "वाट्टोळं म्हणजे नक्की काय?"

टाइपरायटर थांबला. ती बाई माझ्याकडे बघायला लागली, कारण खोलीत दुसरी बाई मीच होते. मी फायलीत मान घातली. फायलीवर माझ्याच अक्षरात, लाल पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ओरडली नाही. जखम नाही. तक्रार तिसऱ्या दिवशी.

आता काकांच्या "अब्रू"कडे येते. हा शब्द फक्त काकांचा नाही. युद्धात नागरिकांना वाचवण्यासाठी झालेल्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात, २७ व्या कलमात, बलात्कार येतो तो स्त्रियांच्या "सन्मानावरचा हल्ला" म्हणून. त्याआधी १९०७ च्या हेगच्या युद्धनियमांत तर "कुटुंबाची प्रतिष्ठा" एवढंच. म्हणजे अंग बाईचं, आणि नुकसान घराण्याचं! आणि आपण? नवी कोरी भारतीय न्याय संहिता आणली, तरी कलम ७४ मध्ये "विनयभंग" आहे तिथेच. विनय भंगतो म्हणे. काचेचा असतो बहुतेक.

हे मोडायला १९९८ उजाडावं लागलं. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ च्या वंशसंहारात शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. ताबा नावाच्या भागाचा प्रमुख होता झाँ-पॉल अकायेसू, एके काळचा शिक्षक. टांझानियात अरुशाला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात त्याच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा आरोपांत बलात्काराचा उल्लेखसुद्धा नव्हता. मग एक साक्षीदार बाई बापाच्या जिवावर उठलेल्यांबद्दल सांगत होती, आणि त्या ओघात सांगून गेली की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. न्यायाधीशांनी हे सोडून दिलं नाही, पुढे विचारलं. तेव्हा ती म्हणाली, अकायेसूच्या कचेरीच्या आवारातही मुलींवर असंच झाल्याचं कानावर आलंय. त्यानंतर दुसरी बाई बोलली. जून १९९७ मध्ये आरोप वाढवले गेले. तिघांच्या त्या पीठावर एकच स्त्री होती: दक्षिण आफ्रिकेच्या, तमिळ वंशाच्या नवी पिल्ले. आपल्या इकडच्या मुळाची बाई म्हणून मला उगाच अभिमान वाटतो, वाटू दे.

अकायेसूनं स्वतः बलात्कार केला असा आरोप नव्हताच. त्याच्या कचेरीत, त्याच्या देखत झालं, आणि त्यानं चढवून दिलं. काय बोलून चढवलं ते निकालपत्रात आहे. मला इथे लिहवत नाही.

ते निकालपत्र मी बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि एका जागी अडकले. साक्षीदार बायका आपल्या भाषेत वेगवेगळे शब्द वापरत होत्या. एकाचा शब्दशः अर्थ "एकत्र निजणं", दुसऱ्याचा "बळानं घेणं". न्यायाधीशांनी काय केलं? बायकांना उभं करून "म्हणजे नक्की काय" विचारत बसले नाहीत. कोर्टाच्या दुभाषांना बोलावून शब्द समजून घेतले. आणि लिहिलं की अवयवांची यांत्रिक यादी देऊन बलात्काराची व्याख्या होत नाही, आणि असं तपशिलात बोलणं या बायकांना किती जड गेलं हे आम्ही पाहिलंय. जबरदस्ती म्हणजे मारहाणच असली पाहिजे असंही नाही. अंगाला हात न लावताही लैंगिक हिंसा होते: एका विद्यार्थिनीला विवस्त्र करून आवारात गर्दीसमोर कसरती करायला लावल्या, ते त्यांनी हिंसेतच धरलं.

न्यायाधीशांना हे कळतं! कळू शकतं!

२ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. बलात्कार मानवतेविरुद्धचा गुन्हा, आणि वंशसंहाराचं साधनसुद्धा. पुढे जन्मठेप. त्याच वर्षी जुलैत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभारणारा रोमचा करार झाला. त्यात बलात्कार, लैंगिक गुलामगिरी, सक्तीची गर्भधारणा, सक्तीची नसबंदी सगळं नावानिशी आलं. भारताची सही नाही, ते सोडा. काकांना एकच सांगायचंय. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी तिथली अट अशी की नागरी वस्तीवरचा हल्ला व्यापक किंवा पद्धतशीर हवा. हल्ला. बलात्कार किती झाले ते मोजत नाहीत. अशा हल्ल्यात, तो चाललाय हे माहीत असताना, एकीवर झालेला बलात्कारही त्यात बसतो. तेव्हा "चालायचंच" हा बचाव नाही होत, काका. उलट ते चालवलं जात होतं, हाच तर आरोप असतो.

हो, अशा कोर्टांतून शिक्षा थोड्यांनाच झाल्यात, वर्षानुवर्षं लागतात, काही वरच्या कोर्टात सुटलेतही. मान्य. आणि आरोपीला चांगला वकील मिळालाच पाहिजे, हेही मी आजही मानते.

पण माझी लाल पेन्सिल! देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका कोवळ्या आदिवासी मुलीवर जे झालं, त्याला सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये, अंगावर जखमा नाहीत म्हणून, "शांततेत" झालेलं म्हटलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, पुढे १९८३ मध्ये कायदा बदलला. हे सगळं मी कॉलेजात शिकले होते, पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. आणि तरी लिहिलं, "जखम नाही."

न्यायाधीशांनी त्या दिवशी टाइपिस्टला सांगितलं, "साक्षीदार उत्तर देत नाही." तेच कागदावर आलं. ती माझ्याकडे बघत होती, ते आलं नाही. आरोपी सुटला. सरांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. मीही खाल्ली, चवीनं. खोटं कशाला बोलू.

हे लिहिता लिहिता राहवलं नाही, म्हणून ग्रुपवर टाकलंच: "काका, चालायचं म्हणजे नक्की काय?" पाठवल्यावर लक्षात आलं, हा सरांचाच प्रश्न, सरांच्याच सुरात. कसंतरी झालं. दोन निळ्या खुणा आल्यात. काका अजून काही लिहीत नाहीत.