22 सेकंदांचे काकाजी

आत्याची 36 मिनिटं गेली. गेली म्हणजे आहेत, माझ्या मोबाईलमध्येच आहेत, पण त्यांत आत्या नाही, कूलर आहे. परवापासून चारदा ऐकून झालं. पंपाची टपटप ऐकू येते, मध्येच जाळीवर पाणी चढल्याचं कळतं, आणि फार कान दिला तर लांबून, विहिरीतून आल्यासारखा, एक शब्द येतो: भोपाळ.

आत्याचं वय 84. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून हलली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि आजोबा सचिवालयात कारकून. फायलींचे गठ्ठे भोपाळला निघाले, मागोमाग आजोबाही. ही हकीकत रेकॉर्ड करून ठेवायची असं घरात दहा वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. या मे महिन्यात मी मनावर घेतलं आणि कॉलर माईक मागवला.

आला तो कॅमेऱ्याचा. त्याच्या पिनीवर दोन काळ्या पट्ट्या, मोबाईलला लागतात तीन. दोनवाली खुपसली की मोबाईलला वाटतं, हेडफोन लावला. त्यातून माझ्या मोबाईलला ते गोल भोकच नाही. ही पिन मूळची टेलिफोन एक्सचेंजची, ऑपरेटर ती खुपसून माणसाला माणूस जोडून द्यायचे. शंभरावर वर्षं ती टिकली. 2016 साली ॲपलने आयफोन 7 मधून भोक काढून टाकलं आणि त्याला ‘धैर्य’ म्हटलं. ते पाहून बाकीच्यांनाही धीर आला.

तर भर दुपारी, 45 च्या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून मी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. दुकानात स्टुलावर एक काकाजी बसले होते, मोबाईलला काच लावून घ्यायला आलेले. त्यांची काच केव्हाच लागली होती, पण दुकानात एसी होता.

“काय हो, माईक होय काय थे?”

हो म्हणेपर्यंत माईक त्यांच्या हातात गेला होता.

“एवढुसा? अन् याले केस काहून?”

वाऱ्याची फरफर अडवायला वर केसाळ टोपी असते, असं मी सांगितलं. काकाजींनी ती टोपी मांजरीच्या पिल्लाला गोंजारावं तशी दोनदा गोंजारली.

“आमच्या माईकले केस नव्हते. आमचा माईक टकला. मारबतीच्या मिरवणुकीत हातातून सुटला, रिक्षाचं चाक गेलं वरून. उचलला, पुसला, चालू! याच्यावरून चाक जाऊ द्या बरं.”

मी माईक काढून घेतला. न जाणो.

काकाजींनी नागपूरच्या महाल भागात तीस वर्षं लाऊडस्पीकर भाड्याने दिला होता. लग्न, भागवत सप्ताह, निवडणूक, सगळ्यांना भोंगा एकच, फक्त निवडणुकीचे पैसे आधी घ्यायचे. हे सांगता सांगता त्यांनी चष्मा काढला, पिन डोळ्यांजवळ नेली आणि पट्ट्या मोजल्या. “एक. दोन. अन् तिसरी?” काउंटरवरच्या पोराने दुसरा माईक काढला. काकाजींनी तोही मोजला. “हां. तीन आहेत. घ्या.” पोराने टाईप-सीचा कन्व्हर्टर दिला, तोही मोजायला त्यांनी हात पुढे केला, पण त्यावर पट्ट्या नव्हत्या. काकाजी नाराज झाले.

“सेटिंगमध्ये ओटीजी ऑन करा लागते, काका,” पोरगा मला म्हणाला आणि बाहेरून जोडलेली वस्तू मोबाईलला ओळखायला लावणारी ती सोय चालू करूनही दिली. मला काका म्हणाला, हे मी तूर्त सोडून देतो. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि काकाजी स्टुलावरून उठून उभे राहिले.

“फू! फू! हॅलो! एक मुलगा सापडला आहे, वय वर्षे पाच, निळी चड्डी, नाव सांगून नाही राहिला. ज्यांचा असेल त्यांनी मंचाजवळ यावे. फू!”

दुकानातल्या एका बाईंनी चटकन आपल्या पोराचा हात धरला. 22 सेकंदांचं ते रेकॉर्डिंग काचेसारखं स्वच्छ आलं. काकाजींचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

“माईकवर पैले फुकाचं,” निघताना त्यांनी बजावलं. “फुकल्याबिगर माईक जागा होत नाही. ध्यानात ठेवा.”

ध्यानात होतं. पण इस्त्रीची साडी नेसून बसलेल्या आत्याच्या पदराशी तोंड नेऊन फू फू करणं मला काही बरं दिसेना. माईक पदराला लावला, वायर दिवाणाखालून घेतली, आणि मोबाईल तापू नये म्हणून कूलरसमोरच्या स्टुलावर ठेवला. पडद्यावर हिरव्या रेघा उड्या मारत होत्या. आत्या बोलली, एकदा थांबून चष्मा पुसला, पुन्हा बोलली. मी तिकडे रेघा बघून समाधानाने मान डोलवत होतो. रेघा कूलरच्या होत्या.

नंतर कळलं ते असं. काही मोबाईलमध्ये ओटीजी दहा मिनिटं वापरलं नाही तर आपोआप बंद होतं. बर्डीवरून प्रतापनगर, मध्ये उसाचा रस, म्हणजे पाऊण तास. घरी येऊन मी माईक लावला, मोबाईलने तो ओळखला नाही आणि गुपचूप स्वतःचा माईक चालू केला. बरं, हा मोबाईल काही मुखदुर्बळ नाही. बॅटरी 20 टक्क्यांवर आली की बोंबलतो, आज पावलं कमी चाललात म्हणून टोमणा मारतो, मागच्या वर्षी याच दिवशी खाल्लेल्या तर्री-पोह्याचे फोटो न मागता दाखवतो. फक्त 84 वर्षांची बाई बोलते आहे आणि मी ते ऐकत नाही, एवढंच त्याला सांगावंसं वाटलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यासोबत बडग्यांचे पुतळे निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे. यंदा एक ओटीजीचा काढा, वर्गणी माझी. घेऊन जाय गे मारबत!

दुकानात पुन्हा गेलो तर पोरगा म्हणाला, “टेस्ट नव्हती केली काय, काका?” स्टूल रिकामं होतं, तेवढं एक बरं.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. काल तिनेच विषय काढला. “ऐकव ना रे, कसं आलं ते.” माझ्याकडे ऐकवण्यासारखं एकच होतं. लावलं. आत्याने कानामागे हात धरून बावीसच्या बावीस सेकंद ऐकले, मग बराच वेळ काही बोलली नाही.

“न्यायला आलं का रे मग कोणी त्याला?”