कोरियन गोष्टींसाठी दोन हजार शब्दांची अट कशाला?

इंदुरात कोरियन शिकू लागलेल्या मराठी मुलामुलींमध्ये सध्या एक संदेश बराच फिरतो आहे. कोरियन ही जगातील अत्यंत अवघड भाषा असून तिला २२०० तास लागतात. म्हणून आधी दोन हजार शब्द पाठ करावेत, तोवर गोष्टींना हात लावू नये, उच्चार देवनागरीत लिहून घेतल्यास लिपीची घाई नाही आणि वाचायचेच झाले तर बालकथा वाचाव्यात, असा त्याचा आशय आहे. रामबागेतील आमच्या लहानशा वाचनगटातल्या काही मुलांनी या सल्ल्यामुळे गोष्टी बाजूला ठेवून शब्दांच्या याद्या हाती घेतल्या, म्हणून त्यातील विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

२२०० तासांचा आकडा खोटा नाही, पण तो आपला नव्हे. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी सांगते आणि तोही कार्यालयीन कामकाज करता येईल इतक्या प्रभुत्वासाठी. अर्ध्या पानाची सोपी गोष्ट समजणे हे त्याहून फार अलीकडचे ठिकाण आहे.

शिवाय इंग्रजी भाषकाला जे उलटे करून घ्यावे लागते, ते मराठी माणसाला सुलटच भेटते. ‘ऑजे ओन साराम’ म्हणजे शब्दाला शब्द ठेवून ‘काल आलेला माणूस’. ‘चिबे गासॉ पाबुल मॉगॉत्ता’ म्हणजे ‘घरी जाऊन भात खाल्ला’. त्यात ‘घरी’मधला प्रत्यय आपल्यासारखाच नामाच्या मागे लागला आहे, ‘जाऊन’ आपल्याच जागी आहे आणि क्रियापद शेवटी आहे. आपल्या मुलांच्या हे सहसा लक्षात येत नाही, कारण त्यांची पाठ्यपुस्तके इंग्रजीतून असतात आणि शाळा हिंदीची किंवा इंग्रजीची, त्यामुळे ती मनात आधी ‘जो आदमी कल आया था’ असे वाक्य जुळवतात आणि तिथेच अडखळतात. आजीशी जी मराठी बोलतात ती पुढे ठेवली, की हीच मुले लांब वाक्यही सरळ वाचत जातात. ही ओळख शब्दांच्या यादीतून होणे शक्य नाही. ती सलग मजकुरातच होते.

दोन हजार शब्दांच्या अटीमागे एक योग्य जाणीव आहे, हे मान्य केले पाहिजे: अनोळखी शब्द फार झाले तर वाचन हे वाचन राहत नाही. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी कथेवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मदतीशिवाय नीट समजण्यासाठी बहुतेकांना मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ठाऊक असावे लागतात. मात्र हे प्रमाण त्या मजकुराचे आहे, शब्दकोशाचे नाही. तीनशे शब्दांत बेतलेली गोष्ट त्या तीनशे शब्दांवर वाचता येते.

लिपी लांबणीवर टाकण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. कोरियाचा राजा सेजोंग याच्या पुढाकाराने १४४३ मध्ये तयार झालेल्या आणि १४४६ मध्ये जाहीर झालेल्या हंगुल या कोरियन लिपीची आजची मूलभूत अक्षरे २४ आहेत. काना-मात्रा लहानपणीच गिरवलेल्या मुलाला ती शिकायला फार दिवस लागत नाहीत. गटातली एक मुलगी रश्श्यासाठी असलेला शब्द लिहिल्याप्रमाणे ‘गुक-मुल’ असा वाचत होती, आणि ध्वनिफितीत मात्र ‘गुङ्मुल’ ऐकू येत होते. तिला ‘वाक्’ आणि ‘मय’ मिळून ‘वाङ्मय’ कसे होते ते विचारले, तेव्हा पुढचे तसेच दोन शब्द तिने स्वतःहून बरोबर वाचले. हंगुलमध्ये उच्चार बदलला तरी लेखनात ‘गुक’, म्हणजे सूप, डोळ्यांना दिसत राहते; देवनागरीत ऐकल्याप्रमाणे उतरवले, की तो दुवाच पुसला जातो. शिवाय कोरियनमधील घट्ट उच्चाराच्या ‘क’ला आपल्याकडे वेगळे अक्षर नाही.

बालकथा सोप्या असतात, हाही समजच आहे. त्या भाषा बोलता येणाऱ्या मुलांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांत आपल्या लुकलुक, चमचम यांच्या जातीचे ‘बान्जाक-बान्जाक’सारखे शब्द पदोपदी येतात. ‘वाघ तंबाखू ओढत असत त्या काळी’ अशी सुरुवात भेटली, तर ते आपल्या ‘आटपाट नगर होते’सारखे ठरलेले आरंभवचन आहे हे न कळल्याने शिकणारा शब्दकोशात शोधत बसतो. प्रौढ शिकाऊ वाचकांसाठी ठरावीक शब्दांत लिहिलेल्या गोष्टी याहून कितीतरी बऱ्या.

खऱ्या अडचणींविषयी मात्र हा संदेश गप्प आहे. पहिल्या धड्यांत शिकवलेली ‘यो’ने संपणारी आदराची रूपे गोष्टीच्या निवेदनात बहुधा नसतात, तिथे ‘ता’ किंवा ‘दा’ने संपणारी साधी रूपे येतात, त्यामुळे ओळखीचे क्रियापदही परके वाटते. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. कोरियन क्रियापद ‘गेला’ की ‘गेली’ हे सांगत नाही आणि कर्ता तर वारंवार गाळला जातो. म्हणून आमच्या गटात प्रत्येक क्रियापदाखाली कर्त्याचे नाव पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत ठेवली आहे. ‘गात्ता’ (गेला किंवा गेली) असे साधे रूप असेल तर जाणारा धाकटा भाऊ असू शकतो. ‘गाश्यॉत्ता’ हे त्याचे आदरार्थी रूप असेल, तर गोष्टीतली आजी किंवा गुरुजी अशा मानाच्या व्यक्तीचा शोध मागच्या ओळींत घ्यायचा.